हात थरथरतो म्हणून रात्रीची गोळी सोडायची का?

साताऱ्याकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मिस्टर ३९ वर्षांचे, शिलाईचं दुकान. पाच महिन्यांपूर्वी सासूबाईंनी त्यांना किडनी दिली. क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढला की वाईट) १.२, लघवी व्यवस्थित. पण हात थरथरतात, सुईत दोरा ओवता येत नाही. चेहरा गोल झालाय, रात्री झोप नाही, दिवसभर चिडचिड, आठ दिवस पातळ संडास, आणि आता शुगरही निघाली. रात्रीच्या गोळ्या ते अधूनमधून सोडतात, हे ताईंना पट्ट्या मोजल्यावर कळलं. त्या विचारतात: किडनी एवढी छान चालतेय तर गोळ्या कमी होणार नाहीत का? आणि नातेवाईक गुळवेलीचा काढा द्या म्हणतात, देऊ का?

ताई, मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटर म्हणून काम करते, त्याआधी डायलिसिसची सिस्टर होते. कुठली गोळी किती हे तुमचे नेफ्रॉलॉजिस्टच, म्हणजे किडनीचे डॉक्टरच, ठरवणार. पण डॉक्टरांसमोर "सगळं बरं आहे" म्हणणारी माणसं बाहेर येऊन माझ्या टेबलाशी खरं बोलतात, त्यामुळे या विषयातलं मला जरा जास्तच ऐकू येतं.

काढा देऊ नका. आज रात्रीची गोळी वेळेवर द्या. आणि उद्या सकाळी तुमच्या हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट युनिटला फोन करून सांगा की गोळ्या चुकलेल्या आहेत, साधारण कधी आणि किती. हा फोन का करायचा ते सांगते. गोळी चुकली की रक्तातली औषधाची लेव्हल कमी येते. डॉक्टरांना वाटतं, डोस पुरत नाही. ते डोस वाढवतात. मग घरी कोणीतरी रागावतं, पेशंट आठवडाभर शहाण्यासारखा सगळ्या गोळ्या घेतो, तीही वाढलेल्या डोसने. हात आधीपेक्षा दुप्पट थरथरतात. "बघा, गोळीनेच त्रास होतो" म्हणून तो पुन्हा सोडतो. हे चक्र मी इतक्यांदा पाहिलंय की लेव्हलचा आकडा उगाच वरखाली दिसला की मी डॉक्टरांच्या आधी पट्ट्या मागते.

क्रिएटिनिन १.२ आहे ते त्या गोळ्यांमुळे आहे. १९५४ साली बोस्टनमध्ये पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. एकाची किडनी दुसऱ्याच्या शरीराला परकी वाटलीच नाही, म्हणून असल्या गोळ्यांशिवाय निभावलं. बाकी कोणाचंही तसं नसतं. आईची किडनी म्हणजे निम्मी जुळणी, कारण मुलाच्या शरीराची उरलेली निम्मी ठेवण वडिलांकडून आलेली. तुमच्या मिस्टरांचं शरीर सासूबाईंच्या किडनीला पाहुणी समजतं, आणि गोळ्या थांबल्या की त्या पाहुणीला हाकलायच्या तयारीला लागतं. याला रिजेक्शन म्हणतात आणि सुरुवातीला ते बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही. दुखत नाही, ताप येईलच असं नाही, लघवीही होत राहते. क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तेव्हा आत काही दिवसांचं नुकसान होऊन गेलेलं असतं. दोन-चार वेळा गोळी सोडून "काहीच झालं नाही" असं वाटतं, ते यामुळे.

आता हाताचं. तुमच्या घरात हीच तक्रार सगळ्यात मोठी असणार, कारण हातावर पोट आहे.

थरथर बहुतेक टॅक्रोलिमसची, म्हणजे रिजेक्शन रोखणाऱ्या मुख्य गोळीची. जपानमध्ये १९८४ साली त्सुकुबाजवळच्या मातीतल्या एका जिवाणूपासून हे औषध मिळालं, आणि आज बहुतेक किडनी पेशंटांचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. औषध गुणी पण हट्टी: थोडं कमी पडलं तर रिजेक्शन, थोडं जास्त झालं तर हात थरथरणं, डोकं दुखणं, शुगर, पोटॅशियम वाढणं, आणि गंमत म्हणजे खुद्द किडनीलाच इजा. म्हणून वरचेवर लेव्हल करतात. सुरुवातीच्या तीन महिन्यांत साधारण ८ ते १२, पुढे हळूहळू ५ ते ८, असं बरीच युनिटं धरतात. तुमच्या युनिटचा आकडा थोडा वेगळा असू शकतो, तो विचारून वहीत लिहून ठेवा.

आणि ही लेव्हल म्हणजे गोळीच्या आधीचं रक्त. रात्री ८ ला गोळी घेतली असेल तर सकाळी ८ ला रक्त द्यायचं, आणि मग गोळी. बार्शीकडचे एक काका पहाटेच्या एसटीने यायचे. उशीर नको म्हणून घरूनच गोळी घेऊन निघायचे आणि नऊला लॅबमध्ये हात पुढे करायचे. लेव्हल १९! डॉक्टरांनी डोस कमी केला. पुढच्या वेळी काका मुक्कामाला आले, गोळीआधी रक्त दिलं, लेव्हल ४. दोन आठवडे काका कमी औषधावर चालले होते आणि कोणालाच पत्ता नव्हता. तेव्हापासून मी चिठ्ठीवर लाल पेनने लिहिते: "गोळी खिशात, पोटात नाही."

लेव्हल खरंच जास्त निघाली तर डोस कमी होतो आणि थरथर काही दिवसांत उतरते. लेव्हल बरोबर असूनही हात थरथरत असतील तरी डॉक्टरांच्या हातात बरंच काही असतं. हे औषध दिवसातून एकदाच घ्यायच्या, हळूहळू विरघळणाऱ्या रूपातही मिळतं, त्याने काहींची थरथर कमी होते. मॅग्नेशियम कमी झालं असेल तर ते भरून काढता येतं. कोणाला सायक्लोस्पोरिनवर नेतात, कोणाला आणखी वेगळ्या औषधावर. हे सगळे निर्णय डॉक्टरांचेच, पण "माझा शिलाईचा धंदा आहे, हातशिलाई होत नाही" हे वाक्य त्यांच्या कानावर घालणं तुमचं काम. ओपीडीत तीन मिनिटं मिळतात. "हात जरा हलतो" म्हटलं तर ते "हो, हलतो" म्हणून पुढे जातील. मिस्टरांना एक सुई, दोरा आणि बटण घेऊन जायला सांगा आणि डॉक्टरांपुढे बसून बटण लावायला सांगा. मी गंमत करत नाही. एका सोनारकाम करणाऱ्या पेशंटने असंच चिमट्याने बारीक मणी उचलून दाखवले होते आणि त्याच दिवशी त्याचं औषध बदललं.

तोवर कामाच्या वेळा थोड्या फिरवा. साधी टॅक्रोलिमसची गोळी घेतल्यावर तासाभरापासून तीन तासांपर्यंत तिचं रक्तातलं प्रमाण सगळ्यात वर असतं. सकाळी ८ ची गोळी असेल तर ९ ते ११ थरथर जास्त. त्या वेळात मापं घेणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, मशीनवरची सरळ शिवण. काजं-बटणं, हेमिंग दुपारनंतर. सुईत दोरा ओवायचं तारेचं छोटं साधन मिळतं ते आणा. दिवसाला पाच-सहा चहा होत असतील तर दोनावर या. हात वाढत्या प्रमाणात थरथरताहेत आणि सोबत डोकं फुटेल असं दुखतंय, दिसायला धूसर झालंय किंवा बोलण्यात गडबड होतेय, असं झालं तर मात्र उद्याची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल.

पातळ संडासाचं मी मुद्दाम हाताच्या पाठोपाठ घेते, कारण या दोन तक्रारी एकमेकींच्या बहिणी असू शकतात. मायकोफेनोलेट, म्हणजे रिजेक्शन रोखणारं दुसरं औषध, तुमच्याकडे त्याच्या मोठ्या गोळ्या किंवा कॅप्सूल असतील, हे औषध पोट बिघडवतं. पण नुसतं पोट बिघडून थांबत नाही. जुलाबात आतड्याचं अस्तर नीट काम करत नाही, आणि टॅक्रोलिमस एरवीपेक्षा जास्त रक्तात शिरतं. म्हणजे जुलाबात औषध वाहून जाईल असं आपल्याला वाटतं, होतं मात्र उलटं: लेव्हल चढते, हात जास्त थरथरतात, आणि अंगातलं पाणी कमी झाल्याने क्रिएटिनिनही वर जातं. आठ दिवस संडास पातळ आहे म्हणताय तर लेव्हल, क्रिएटिनिन आणि संडासाची तपासणी या आठवड्यातच करून घ्या. जुलाब औषधाचे आहेत की जंतूंचे हे बघितल्याशिवाय मेडिकलमधून संडास बांधायची गोळी आणू नका. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला साध्या पाण्यातूनही महिनोन् महिने टिकणारे जुलाब लागतात, ते नुसते अडवून भागत नाही. मायकोफेनोलेटमुळेच असेल तर तोच दिवसाचा डोस दोनऐवजी तीन-चार वेळांत वाटून देतात, किंवा पोटात न विरघळता आतड्यात विरघळणाऱ्या प्रकारावर नेतात. थोडा कमीही करतात, पण ते लेव्हल बघून. आणि जळजळीसाठी गुलाबी-पांढरं अँटासिडचं औषध घेत असाल तर ते या गोळीबरोबर नको, दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

चेहरा, झोप, चिडचिड, भूक हे सगळं प्रेडनिसोलोनचं, म्हणजे स्टिरॉइडचं खातं. शेजारपाजारचे "तब्येत छान सुधारली हो" म्हणतात तेव्हा पेशंटला काय वाटतं ते मला माहीत आहे. आरशात दिसणारा माणूस आपला वाटत नाही. पण या डोसला उतरता जिना असतो. ऑपरेशननंतर बहुतेकांना रोज २० मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि पुढच्या काही महिन्यांत तो ५ पर्यंत येतो. डोस उतरला की चेहराही उतरतो, फक्त चेहऱ्याला दोन-तीन महिने जास्त लागतात. मिस्टरांचा आत्ताचा डोस बघा आणि पुढच्या भेटीत विचारा की उतरवायचं वेळापत्रक काय आहे. स्वतःहून मात्र एक दिवसही बंद नको. बाहेरून स्टिरॉइड येत असतं तेव्हा शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, आणि अचानक तोडलं तर बीपी पडून माणूस कोसळू शकतो.

एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. कॉलेजचा पहिला वर्ग, चेहऱ्यावर पुटकुळ्या, गाल फुगलेले, वर्गातल्यांनी नाव पाडलेलं. त्याने कोणाला न सांगता दोन महिने गोळ्या बेसिनमध्ये टाकल्या. चेहरा खरंच छान झाला. गॅदरिंगचा फोटो त्याने मला दाखवला होता. आला तेव्हा क्रिएटिनिन ६ च्या वर होतं. वडिलांनी दिलेली किडनी गेली आणि तो पुन्हा आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत. मी त्याला कधी रागावले नाही. मला राग येतो तो आमचाच, की पुटकुळ्यांवर उपाय होता आणि आम्ही त्याला कधी विचारलंच नाही.

झोपेसाठी एक साधी गोष्ट तपासा: स्टिरॉइड किती वाजता घेतात? सकाळच्या नाश्त्यानंतर एकदाच घ्यायचं असेल तर ते सकाळीच. संध्याकाळी घेतलं तर रात्रभर डोळे टक्क उघडे. चिडचिडीत औषधाचा वाटा असतो हे मिस्टरांना सांगा. "तुम्हीच बदललात" आणि "गोळीने असं होतं" या दोन वाक्यांत घरातलं वातावरण बदलतं.

शुगरबद्दल घाबरू नका पण दुर्लक्षही नको. स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमस दोन्ही शुगर वाढवतात, आणि स्टिरॉइडची शुगर फसवी असते. सकाळी उपाशीपोटी ९८ आणि दुपारी जेवणानंतर दोन तासांनी २६०, असे आकडे मी रोज बघते. तुम्ही फक्त उपाशीपोटीची तपासत असाल तर अर्धंच चित्र दिसतं. दुपारच्या जेवणानंतरची आणि रात्रीच्या जेवणाआधीची बघा, वहीत लिहा. इन्सुलिन सुरू केलं म्हणजे जन्मभराचं असं नाही, डोस उतरल्यावर बऱ्याच जणांचं कमी होतं, काहींचं सुटतंही. भूक मात्र खरी लागते, खोटी नव्हे. बिस्किटाचा पुडा हाताशी असला तर तोच संपतो, म्हणून काकडी, ताक, मूठभर फुटाणे हाताशी ठेवा. पोटॅशियम वाढलेलं असेल तर शहाळं आणि केळी डॉक्टरांना विचारूनच.

आता काढा. गुळवेल, आवळ्या-तुळशीची चूर्णं, प्रतिकारशक्ती वाढवणारं म्हणून जे जे विकतात, ते सगळं तुमच्या घरात बंद. आपण हजारो रुपये घालून जी प्रतिकारशक्ती दाबतोय तीच दुसऱ्या हाताने जागी करायची, याला काय म्हणायचं? शिवाय गुळवेलीने यकृताला इजा झालेले पेशंट कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. भाजी-आमटीतली हळद चालते, हळदीच्या कॅप्सूल आणि चमचाभर हळदीचं दूध नको. आणि एक फळ लक्षात ठेवा, पपनस. गणपतीत घरोघरी येतं, प्रसादाला नाही म्हणवत नाही. पण ग्रेपफ्रूटच्या जातीचंच ते, टॅक्रोलिमसची लेव्हल वर नेतं. आमच्याकडे एका वर्षी गौरी-विसर्जनानंतरच्या आठवड्यात एका बाईंची लेव्हल दुप्पट आली. गोळ्या तशाच, जुलाब नाही, नवीन औषध नाही. अर्धा तास खोदून विचारल्यावर म्हणाल्या, "पपनस खाल्लं हो, पण ते औषध थोडंच आहे?"

फळापेक्षा मोठा धोका दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतून येतो. गावात गजकर्णाची साथ आहेच. मांडीला खाज आली, स्किनवाल्यांनी इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल दिलं, की चार-पाच दिवसांत लेव्हल आकाशाला. खोकल्यासाठीचं क्लॅरिथ्रोमायसिनही तसंच. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटची काही औषधं उलट लेव्हल पार खाली आणतात. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अजिबात नाही, पॅरासिटामॉल चालतं. ही यादी पाठ करू नका. मिस्टरांच्या पाकिटात एक कागद ठेवा: "किडनी ट्रान्सप्लांट पेशंट, टॅक्रोलिमस सुरू, नवीन औषधाआधी युनिटला फोन करा", आणि खाली नंबर. दाताच्या डॉक्टरांनाही तोच दाखवायचा.

केस गळणं टॅक्रोलिमसने होतं, सायक्लोस्पोरिनने उलट केस वाढतात आणि हिरड्या सुजतात. दोन्हींवर उपाय आहेत, दोन्ही तुमच्याकडे आत्ता नाहीत, सोडून देऊ.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण मी विचारते. दुकान पाच महिने नीट चालत नाहीये. रात्रीची गोळी फक्त त्रासामुळे सुटतेय की पट्टी पुरवायचीय म्हणूनही? पुरुष माणूस हे बायकोलाही सांगत नाही. तसं असेल तर तेही उद्याच्या फोनमध्ये सांगा. स्वस्त कंपनीचं औषध, ट्रस्टची मदत, एखादी गोळी बदलणं, वाटा असतात. कंपनी बदलायची तर बदला, पण डॉक्टरांना सांगून आणि आठवड्याने लेव्हल करून. मेडिकलवाल्याने "हेच आहे, कंपनी वेगळी" म्हणून परस्पर दिलेलं घेऊ नका. दिवसातून एकदाचं आणि दोनदाचं टॅक्रोलिमस हे तर एकमेकांच्या जागी चालतच नाही, नावं मात्र फसवण्याइतकी सारखी.

पट्ट्या मोजल्याचं त्यांना कसं सांगायचं? पोलिसासारखं नको. "त्रास एवढा होतोय हे मला माहीत नव्हतं, आपण दोघं मिळून डॉक्टरांना सांगू" एवढं पुरतं. आठवड्याचा खणांचा डबा आणा आणि तो त्यांनी स्वतः रविवारी भरायचा, तुम्ही नाही. टॅक्रोलिमस तेवढं त्याच्या पट्टीतच ठेवा, पट्टी कापून खणात टाका. गजर सकाळी ८, रात्री ८. गोळी चुकली आणि तीन-चार तासांत आठवलं तर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडा, पण दोन एकदम कधीच नको. प्रवासात दोन दिवसांच्या जादा गोळ्या अंगावरच्या पिशवीत, डिकीत नाही.

ताप १००.४ च्या वर गेला, लघवी कमी झाली, दोन दिवसांत वजन दीड-दोन किलोने वाढलं, किडनी बसवलेल्या बाजूला पोट दुखलं, उलट्यांमुळे गोळी टिकेना, तर त्याच दिवशी फोन. रात्री असला तरी. आम्हाला रात्री उठवल्याबद्दल आजवर कोणाचं काही बिघडलेलं नाही.

तर उद्या फोन, आणि या आठवड्यात रक्त. सकाळची गोळी डब्यात, सुई-दोरा-बटण पिशवीत. आणि येताना सासूबाईंनाही घेऊन या. किडनी दिलेल्या माणसाचं बीपी, लघवी आणि क्रिएटिनिन वर्षातून एकदा तरी बघायचं असतं, पहिल्या वर्षी जास्तच वेळा. तुमच्या एवढ्या लांब पत्रात त्यांची तब्येत कशी आहे ते कुठेच लिहिलेलं नाही.